हलका आठवडा

सकाळी पोरं मैदानावर आली की मी दोनच गोष्टी विचारते. रात्री झोप किती झाली आणि कुठं दुखतंय का. पहिल्याचं उत्तर ठरलेलं: "आठ घंटे, मॅडम." दुसऱ्याचंही ठरलेलं: "कहीं नहीं, मॅडम." डोळे तांबारलेले, जांभया आवरत नाहीत, आणि म्हणे आठ तास. पाढे म्हणावेत तशी सगळी रांग एका सुरात म्हणते. मग मी एकेकाच्या नडगीवरून अंगठा दाबत खाली येते. तिथं पाढे चालत नाहीत. दुखऱ्या जागी अंगठा आला की पोरगं श्वास रोखतं आणि मला कळायचं ते कळतं.

मी रायपुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शाळेच्या आधी, सकाळी, मैदानावर धावणाऱ्या पोरापोरींना शिकवते. वडील रेल्वेत होते, गोंदियाकडून बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. तरुणपणी मी अडथळ्यांची शर्यत धावायची. माझ्या गुरुजींचा एकच मंत्र होता: अजून एक राउंड. त्या 'अजून एक'नं माझे दोन्ही गुडघे खाल्ले. आज जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गुरुजींवर राग नाही, त्यांना तेवढंच ठाऊक होतं. पण माझ्या हाताखालच्या पोरांचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी शिट्टी हातात घेतली त्याच दिवशी ठरवलं होतं.

म्हणून मी सरावाची आखणी करते. एक दिवस कडक, दुसरा हलका. काही आठवडे भार चढवत न्यायचा, मग एक आठवडा उतरवायचा. शर्यतीच्या आधीचा आठवडा तर जवळजवळ रिकामाच. ऐकायला सोपं वाटतं, पण लोकांच्या गळी उतरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पायऱ्यांवर बसलेले बाप राउंड मोजत असतात. "मॅडम, बाजूवाले सर तो पंद्रह कराते हैं, आप बस पाँच?" एक जण तर मला तोंडावर म्हणाला, "झोपायचंच होतं त पोट्टी घरीच झोपली असती." संध्याकाळी गावभर पोलीस भरतीच्या तयारीचे वर्ग चालतात. मी हलका दिवस दिला की निम्मी पोरं तिकडं जाऊन जीव तोडून धावतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ताज्या चेहऱ्यानं उभं राहायचा प्रयत्न करतात. मी बादली उपसते आणि मागं कोणीतरी नळ सोडून ठेवलेला असतो.

खरं सांगते, मी दमले आहे. धावायला लावून कोणी दमत नसेल इतकी मी पोरांना थांबवून दमले आहे.

या सगळ्यांत एक पोरगी होती, आठशे मीटर धावणारी. अंगानं काडी. पण दुसऱ्या फेरीत बाकीच्यांचे खांदे कानाला लागत असताना हिचे सैल असायचे. तसे खांदे शिकवून येत नाहीत. बाप लहानपणीच गेलेला. आई बूढ़ापारा मोहल्ल्यात घरून डबे पुरवते, होस्टेलच्या पोरांना आणि ऑफिसातल्या लोकांना. मूळची भंडाऱ्याकडची माणसं. मागच्या वर्षी ही पोरगी मला न सांगता संध्याकाळच्या भरतीच्या वर्गाला जात होती. दोन वेळ धावून नडगीचं हाड तडकलं. कित्येक महिने धावणं बंद झालं आणि राज्याची निवड चाचणी हुकली. यंदा तिचं ज्युनिअर गटातलं शेवटचं वर्ष. राज्याच्या संघात आली असती तर पुढं खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीसाठी अर्ज तरी करता आला असता. नाही आली तर थेट मोठ्या बायकांच्या गटात, जिथं नोकरीवाल्या, पगारी, कसलेल्या धावपटू असतात. म्हणून यंदा मी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली. संध्याकाळचा वर्ग सोडायला लावला. तिच्या धावण्यातला मीटर न् मीटर मोजून दिला.

चाचणी दसऱ्यानंतर लगेच होती. नवरात्रातल्या पंचमीच्या सकाळी मी तिला सांगितलं, "आता हलका आठवडा. धावायचं नाही. मन झालं तर ये, नाही आलीस तरी चालेल. पायांना आराम."

"हव, मॅडम," ती म्हणाली आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही आली नाही, तेव्हा तर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एवढ्या वर्षांत एका तरी पोरीनं माझं ऐकलं. झोपली असेल घरी, म्हटलं, झोपू दे. रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहणारी एक छोटी आहे, अडथळे शिकणारी. तिच्या नडगीवर अंगठा ठेवता ठेवता मी सहज म्हणाले, "देखा? दीदी कैसे आराम कर रही है. सीखो."

"दीदी तो डोंगरगढ़ गई है ना, मॅडम," छोटी म्हणाली. "पैदल."

नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरी देवीला आमच्या भागातून माणसांचे लोंढेच्या लोंढे पायी जातात. रायपुराहून शंभर किलोमीटरच्या वरच भरेल. सगळा डांबरी हायवे. मी शिट्टी छोटीच्या हातात दिली, स्कूटर काढली आणि तडक बूढ़ापाऱ्यात गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं.

पोरीची आई पोळ्या लाटत होती. उघड्या डब्यांची रांग समोर मांडलेली.

"ताई, पोट्टी कुठं हाय?"

"डोंगरगडले. माह्या बहिणीसंग गेली." तिनं तव्यावरची पोळी उलटली. "तुमी सुट्टी देल्ली न."

"म्या आराम कराले सांगतलं होतं!"

"धावाचं नाही, असं सांगतलं तुमी." ती अगदी शांतपणे म्हणाली. "थे कुठं धावली? थे चालून राहिली."

तिनं मग हात न थांबवता सगळं सांगितलं. मागच्या वर्षी हाड तडकलं तेव्हा ती देवीला बोलली होती, पोरगी पुन्हा धावायला लागली तर पायी दर्शनाला येईन. पोरगी धावायला लागली. आता स्पर्धा तोंडावर, आणि नवस तसाच अंगावर. त्यात मॅडमनी नेमका नवरात्रातच हलका आठवडा दिला. याहून सरळ इशारा देवीनं तरी कसा द्यावा?

"मंग तुमी जायचं होतं," मी म्हणाले. "नवस तुमचा, तिचा नाही."

"अन् डबे कोन भरन? नवस माहा, पाय तिचे. एकच त घर हाय, मॅडम."

मी तोंडाला येईल ते बोलले. स्पर्धा गेली, पाय गेले, एवढं वर्ष पाण्यात गेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी निघाले तेव्हा उठून एक छोटा डबा माझ्या हातात दिला. दोन पोळ्या आणि जवसाची चटणी. "पोट्टीले देजा," म्हणाली. मी तिला आणायला जाणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

शाळेला रजा टाकली आणि गाडीनं राजनांदगावला गेले. रेल्वेच्या डब्यात लाल चुनऱ्या बांधलेली माणसंच माणसं, उभं राहायला जागा नाही. मावशीला फोन करून करून ठिकाण काढलं. राजनांदगावच्या पुढं हायवेला लागून सेवेचा एक मंडप होता. पायी येणाऱ्यांना चहा, खिचडी, पाय शेकायला गरम पाणी, चोळायला तेल. भोंग्यावर देवीची गाणी इतक्या जोरात की बाजूच्याचं बोलणं ऐकू येईना. आणि त्या कल्लोळात, भर दुपारी, सतरंजीवर माझी पोरगी झोपली होती. पाय कोणाच्या तरी बोचक्यावर, तोंड उघडं.

मी हाक मारणार तोच मावशीनं ओठांवर बोट ठेवलं.

"कवाची झोपली?"

"सकाळी आलो तवापासून. काल बी अशीच. जिथं थांबलो तिथं झोपते. म्या म्हणलं, पोट्टीले बरं नाही का काय."

मी तिच्या पायाशी बसले. तळव्यांना फोड आलेले, एक फुटलेला. नडगीवर हलकेच अंगठा ठेवला आणि दाबत खाली आणला. तिनं श्वास रोखला नाही. जागीही झाली नाही. मी तिला फरपटत न्यायला आले होते, आणि आता उठवायचा धीर होईना. किती वेळ बसले कोण जाणे. माझ्या पोरांपैकी कोणालाही मी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

जागी झाली आणि मला बघताच ताडकन उठून बसली. "मॅडम, मैं दौड़ी नहीं! बिलकुल नहीं दौड़ी!"

मला हसावं की रडावं कळेना. डबा तिच्या हातात दिला. ती खाऊ लागली तेव्हा सवयीनंच विचारलं, "झोप किती झाली?"

"आठ..." ती सवयीनंच म्हणाली आणि थांबली. मग हसली. "यहाँ तो बहुत हो गई, मॅडम. बहुत."

"अन् घरी?"

"घर में कहाँ. चार बजे उठते हैं ना. आपकी प्रॅक्टिस से पहले सब्ज़ी कट जानी चाहिए. रात को बर्तन."

"पण मी रविवारी आराम देते तुला. मोठ्या सरावानंतर देते."

"उस दिन तो मैं पूरा टाइम घर पे रहती हूँ," चटणी बोटानं पुसत ती म्हणाली, "तो मम्मी उस दिन बड़ा ऑर्डर ले लेती है. सौ थाली, कभी ज़्यादा." त्यात तक्रार नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग मंडपाकडं बघत म्हणाली, "यहाँ अच्छा है. यहाँ कोई जल्दी-जल्दी नहीं बोलता."

एवढ्या वर्षांची माझी आखणी. कडक, हलका, कडक, हलका. त्यातल्या प्रत्येक हलक्या दिवशी ही पोरगी उभ्यानं शंभर माणसांच्या पोळ्या लाटत होती. माझ्या कडक दिवशीच तिला जरा कमी काम असणार. राग काढायला माणूस शोधत होते आणि सापडत नव्हतं. आईवर काढावा तर तीही त्याच चुलीपुढं चार वाजता उभी.

पुढं डोंगरगड अजून बराच लांब होता. या तळव्यांनी ती तिथवर चालली असती तर चाचणीचं नावच नको. "चल, गाडीनं परत," मी म्हणाले. तिनं मान हलवली. "आधे से लौटी तो मम्मी डर-डर के मर जाएगी, मॅडम."

मग मी मावशीकडं वळले. आमच्या घरी बुद्धवंदना होते. नवस-सायास, देव-देवी आम्ही कधी केले नाहीत. पण वाद घालायला मी कोणाला हार जात नाही. "मावशी, नवस आईनं बोलला अन् चालली पोरगी. हे देवीले चालते न? मंग पोरीच्या जागी तिची मास्तरीण चालली त काहून नाही चालणार?"

मावशी विचारात पडली. बरोबरच्या बायकांशी कुजबुजली. "तुमी त बुद्धाचे," ती म्हणाली. "तुमाले चालन?"

"मले चालते. देवीचं तुमी पाहून घ्या."

"चला मंग," मावशी म्हणाली. "तशी बी ही फोडं घेऊन कुठवर येईन."

मी माझ्या तेलीबांध्याच्या फ्लॅटची किल्ली पोरीच्या हातात ठेवली. मी एकटीच राहते. "आईकडं नाही जायचं. माझ्या घरी जा. फ्रीजमध्ये दूध आहे. झोप. बस, इतकंच." तिच्या आईला फोन केला. "अन् माहे डबे?" एवढंच ती म्हणाली. मी शाळेतली एक ओळखीची बाई मदतीला लावून दिली.

आणि मी चालू लागले. पहिला तास ताठ मानेनं चालले. एके काळची धावपटू मी, या बायकांच्या मागं थोडीच राहणार! मग गुडघ्यांनी जुनं गाणं सुरू केलं. बायका मात्र रमतगमत चालल्या होत्या. कोणी बसली की सगळ्या बसत. इतकी सोपी गोष्ट मैदानावर मला कधी जमवता आली नाही. सूर्य कलला तेव्हा पोरीचा फोन आला.

"मॅडम, आपके यहाँ बेलन कहाँ है?"

"बेलन कहीं नहीं है!" हायवेवर मी इतक्या जोरात ओरडले की चार माणसं थांबली. "सो जा!"

दुसऱ्या दिवशी डोंगर समोर दिसायला लागला आणि माझा उजवा गुडघा जो मुडपला तो सरळच होईना. सेवा करणाऱ्या पोरांनी मला फटफटीवर बसवलं आणि पायथ्याशी सोडलं. पायऱ्या मी खालूनच पाहिल्या. मावशी वर जाऊन दर्शन घेऊन आली.

घरी आले तर माझं स्वयंपाकघर ओळखू येईना. काळी कढई घासून चकचकीत, पडदे धुतलेले, ओट्यावर फडक्यात पोळ्यांची चळत. "अन् झोपलीस कधी?" मी दारातच विचारलं. "दोपहर में सोई थी, मॅडम. सच में." माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. तिला चाचणीपर्यंत घरीच ठेवून घेतलं. मी पलंगावर पाय लांब करून पडून राहायचे आणि ती उठली की नुसतं "बस खाली" म्हणायचे. दसऱ्याच्या दुपारी ती टीव्ही चालू असतानाच सोफ्यावर झोपली. मी आवाज बंद केला नाही, जाग येईल म्हणून.

चाचणीत ती तिसरी आली. संघात दोघीच घेतात.

दुसऱ्या फेरीत खांदे सैल होते. शेवटच्या वळणावर पायांनी साथ सोडली. हायवेवर चालून पाय गेले, की वर्षानुवर्षं चारला उठून आधीच गेलेले होते, मला सांगता येणार नाही. आई पहिल्यांदाच मैदानावर आली होती. पदराला पीठ लागलेलं. पोरगी पाणी प्यायला गेली तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"बहिणीनं सांगतलं मले," ती म्हणाली. "तुमी फटफटीवर बसल्या."

नवस अर्धवट राहिला म्हणून पोरगी हरली, असं ती खरंच मानत होती, आणि मला उसनं काही सांगायचं नव्हतं. पोरीनं येऊन आईची पिशवी घेतली. दोघी फाटकाबाहेर निघून गेल्या. मी पायऱ्यांवर बसून राहिले. त्या दिवसाइतका थकवा मला माझ्या कुठल्याही शर्यतीनंतर आला नव्हता. वाटलं, पुरे. शिट्टी कोणातरी जवान मास्तराला द्यावी, त्यानं पंधरा राउंड करून घ्यावेत, बापांनी खूश व्हावं.

पुढच्या सोमवारी तरीही मैदानावर गेले. दुसरं काय करणार? ती येणार नाही असं धरून चालले होते. ती रांगेत उभी होती, छोटीच्या शेजारी.

मी एका टोकानं सुरुवात केली. झोप किती? आठ घंटे. आठ घंटे, मॅडम. आठ. अंगठा, नडगी, पुढचा. तिच्यापाशी आले. "झोप किती?"

"साढ़े चार," ती म्हणाली.

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"कुठं दुखतं?"

"तलवा. अभी भी. और कमर, मॅडम. कमर तो कब से दुखती है."

मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. "ही आजची प्रॅक्टिस. शाळा सुटल्यावर मी येते." तिनं किल्लीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बेलन को हाथ नहीं लगाऊँगी," असं म्हणाली आणि बूट हातात घेऊन, फोडांवर जपून पाय टाकत फाटकाकडं निघाली. तिला मी इतकं सावकाश चालताना पहिल्यांदा पाहत होते.

शेवटची राहिली छोटी. "झोप किती?"

ती दीदीच्या पाठीकडं बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "मैं भी सच बोलूँ क्या?"

मी शिट्टी खिशात टाकली. गुडघे कुरकुरले, पण मी तिच्यासमोर मातीत बसले आणि म्हटलं, "बोल."